घरच्या कुत्र्याच्या ताटांत काय घालावें?

गेल्या वर्षीं पावसाळा नुकताच सुरू झाला असतां आठव्या इयत्तेंतील एक विद्यार्थी दोन वस्तु घेऊन आमच्याकडे आला. एका हातांत भिजून थरथरणारें तांबूस रंगाचें एक पिल्लूं होतें, आणि दुसऱ्या हातांत जव्हारच्या बाजारांतून कोणीतरी आणलेलें कुत्र्याच्या खाद्याचें रिकामें पाकीट. पाकिटावर तुकतुकीत केसांच्या एका विलायती कुत्र्याचें चित्र होतें. मुलानें विचारलें, "सर, ह्याला हें दिलं तर हा त्या चित्रातल्यासारखा होईल का?"

आम्हीं घाईघाईनें उत्तर दिलें, "पाकीट कशाला? दूधभात घाल. पुरे." तें उत्तर चुकीचें होतें, आणि त्या चुकीची फेड म्हणूनच हा लेख लिहीत आहों.

पिल्लूं वसतिगृहाच्या आवारांत राहिलें. मुलांनीं त्याचें नांव मोत्या ठेविलें. आमच्या सांगण्याप्रमाणें त्यास रोज दूधभात मिळे. खरें म्हणजे भातच मिळे, कारण एवढ्या मुलांच्या वसतिगृहांत कुत्र्याच्या वाट्यास येणारें दूध तें किती असणार? दोन महिन्यांत त्याचें पोट सुटलें, पण पुढचे पाय धनुष्यासारखे बाहेर वांकूं लागले. धांवण्याऐवजीं तो बसूं लागला. आम्हांस वाटलें, ऊन मिळत नाहीं म्हणून हाडें कच्चीं राहिलीं असतील. आकाश मोकळें होई त्या दिवशीं मुलें त्यास उचलून उन्हांत ठेवीत. उपयोग कांहींच झाला नाहीं. शेवटीं गुरांच्या डॉक्टरांस दाखविलें. ते म्हणाले, "याला आजार नाहीं, याला उपास घडला आहे. पोट भरून घडलेला उपास."

हें वाक्य आमच्या मनांत फार दिवस घोळत राहिलें. पोट भरणें आणि पोषण होणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आमच्या तालुक्यांत निराळें सांगावयास नको. तरी कुत्र्याच्या बाबतींत तें आम्हांस सुचलें नाहीं.

मोत्याचें काय झालें तें आधीं समजून घेऊं. शंभर ग्रॅम तांदळांत कॅल्शियम म्हणजे चुन्याचा अंश जेमतेम ७ ते १० मिलिग्रॅम असतो. वाढत्या पिल्लास तर प्रौढ कुत्र्याच्या दुपटीहून अधिक कॅल्शियम लागतें. अन्नांतून तें मिळालें नाहीं, तर रक्ताचा तोल राखण्यासाठीं शरीर स्वतःच्याच हाडांतून चुना काढून घेतें. घराच्या भिंतींतील विटा काढून चूल बांधावी तसा हा प्रकार. चूल पेटते, पण भिंत वांकते. निव्वळ मांसावर वाढविलेल्या पिल्लांचेंही असेंच होतें, कारण मांसांत फॉस्फरस विपुल व कॅल्शियम अत्यल्प असतें. उन्हाची आमची कल्पनाहि फसवी ठरली. माणसाची कातडी सूर्यप्रकाशांत 'ड' जीवनसत्त्व तयार करते; कुत्र्याच्या कातडीस तें पुरेसें करतां येत नाहीं. त्यास तें अन्नांतूनच, म्हणजे मासळी, अंड्याचा बलक, काळीज यांतून मिळावें लागतें. उलटपक्षीं 'क' जीवनसत्त्व, ज्यासाठीं आपण आंवळा खातों, तें कुत्रें आपल्या शरीरांतच बनवितें. म्हणजे कुत्र्याचें ताट हें माणसाच्या ताटाची लहान प्रत नव्हे.

मग तें लांडग्याचें ताट आहे काय? शहरांतील पुष्कळ पाकिटांवर हल्लीं लांडग्याचें चित्र असतें आणि "धान्यविरहित" असा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. या शब्दानें पालकांनीं भारून जाऊं नये. २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं कुत्रा व लांडगा यांची आनुवंशिक घडण ताडून पाहिली, तेव्हां असें आढळलें कीं पिष्ट पचविण्याच्या एका जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तिसांपर्यंत. माणसानें शेती आरंभिली आणि त्याच्या दारीं बसलेल्या या जनावराचें पोटहि धान्यास सरावलें, असा याचा अर्थ. नामदेवांची भाकर कुत्र्यानें पळविली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. भक्तीचा भाग बाजूस ठेवला तरी त्यांत आहारशास्त्राचें मर्म आहेच: भाकर कुत्र्यास पचते, पण कोरडी भाकर त्यास पुरत नाहीं.

आतां आमच्या भागांतील धान्यांकडे वळूं. मोखाड्याच्या डोंगरउतारांवर नागली आणि वरई पिकते, खांचरांत भात होतो, उडीद, तूर आणि खुरासणी होते. यांपैकीं नागली ही कुत्र्यासाठीं भातापेक्षां कितीतरी सरस आहे. शंभर ग्रॅम नागलींत कॅल्शियम सुमारें ३५० मिलिग्रॅम असतें. त्यांतील कांहीं भाग शरीरास मिळत नाहीं हें खरें. तथापि तांदळाशीं तुलनाच नको. मात्र तींत प्रथिन शेंकडा सातच्या सुमारास, आणि स्निग्धांश तर नाममात्र. प्रौढ कुत्र्याच्या अन्नांतून पाणी वगळलें असतां उरणाऱ्या भागांत प्रथिन निदान शेंकडा १८ आणि स्निग्धांश शेंकडा साडेपांच असावा, असें अमेरिकेंतील पशुखाद्य-नियामकांच्या संघटनेचें मान आहे. पिल्लांसाठीं हेच आंकडे साडेबावीस व साडेआठ आहेत. तेव्हां निव्वळ नागलीची पेज पिऊन राखण करणारा पाड्यावरचा कुत्रा बरगड्या दाखवीत कां हिंडतो, हें उघड आहे.

ही उणीव भरून काढण्यास विलायतेस जावें लागत नाहीं. पंधरा किलो वजनाच्या, रोज थोडेंफार हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्यास दिवसास सुमारें ८५० किलोकॅलरी उष्मांक लागतात. दीडशें ग्रॅम नागलीचें पीठ किंवा तांदळाची कणी, तीस ग्रॅम तुरीची अथवा उडदाची डाळ, पन्नास ग्रॅम सुके बोंबील आणि दोन लहान चमचे खुरासणीचें तेल एवढ्यांत ती गरज जवळजवळ भागते, आणि प्रथिनाचें मानहि साधतें. धान्य व डाळ मऊ शिजवावी. कच्चें पिष्ट कुत्र्यास नीट पचत नाहीं. तेल मात्र खालीं उतरल्यावर वरून घालावें. खुरासणीच्या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असतें, आणि कुत्र्याच्या कातडीस व केसांस त्याचीच गरज असते. पाकिटावरील चित्रांतील ती तुकतुकी, जिचा आमच्या विद्यार्थ्यास मोह पडला, ती बव्हंशीं स्निग्धांशाची व प्रथिनाची करामत आहे. बोंबील स्वच्छ धुवावे, कारण त्यांत वाळू असते. मीठ लावून खारवलेली मासळी असेल तर तासभर पाण्यांत ठेवून तें पाणी टाकून द्यावें.

येथें एक प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं, आणि टाळूंहि नये. १९९२ सालीं आमच्या शेजारच्या जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी भागांत कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां साऱ्या देशाचें लक्ष या डोंगरांकडे वळलें होतें. ज्या भूमीवर असें घडलें, तेथें कुत्र्याच्या प्रथिनाची चर्चा शोभते काय? एका पालकांनीं आम्हांस हें तोंडावर विचारलें. "पोराला अंडं मिळत नाही, आणि तुम्ही कुत्र्याला मासळी सांगता!" त्यांचा राग रास्त होता. शुभवर्तमानांतील ती कनानी बाई मेजाखालीं पडणाऱ्या तुकड्यांविषयीं बोलली, ती याच पेचांत सांपडलेली होती. आणि मुलांचा वाटा काढून कुत्र्यांस द्या असें तीहि म्हणाली नाहीं.

आमचें उत्तर असें आहे. आदिवासी भागांतील बालकांसाठीं डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखालीं अंगणवाडींतून जें अंडें मिळतें, तें बालकाचें आहे. त्यांतील एक घांसहि कुत्र्यास घालूं नये. परंतु त्या अंड्याचें टरफल कोठें जातें? उकिरड्यावर. टरफल धुवून, कडक उन्हांत किंवा तव्यावर कोरडें करून, पाट्यावर अगदीं पिठासारखें वाटलें, तर त्या लहान चमचाभर पुडींत जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम असतें. ज्या दिवशीं कुत्र्यास मासळी नसेल त्या दिवशीं पंधरा किलोच्या कुत्र्यास अर्धा चमचा पूड पुरते. सुक्या मासळींतच कांटे असल्यानें तिच्याबरोबर पूड घालण्याचें कारण नाहीं. अति कॅल्शियमहि मोठ्या अंगाच्या पिल्लांस बाधतें. बोंबील महाग वाटत असतील, तर माशांचीं डोकीं, कोंबडीच्या दुकानांत टाकून दिलेलें हृदय, आंतडें, कातडें हें सारें मांसच आहे. तांदूळ कांडतांना पडणारी कणी हें धान्यच आहे. माणसाच्या पानांत जें वाढावयाचें नाहीं, त्यांतूनच कुत्र्याचें उत्तम अन्न होऊं शकतें. मात्र त्यासाठीं तें फेंकण्याऐवजीं शिजविण्याचे कष्ट घेतले पाहिजेत.

शिजविणें या शब्दावर आम्ही जोर देतों, आणि मुलांनीं हा परिच्छेद दोनदां वाचावा. बकरा कापल्यावर त्याचें फुफ्फुस किंवा काळीज कच्चेंच कुत्र्यापुढें टाकण्याची चाल सर्वत्र आहे. त्यांत एका बारीक पट्टकृमीच्या पाण्यानें भरलेल्या गांठी असूं शकतात. तें खाल्ल्यानें कृमि कुत्र्याच्या आंतड्यांत वाढतो, कुत्र्याच्या विष्ठेंतून त्याचीं अंडीं मातींत व केसांवर येतात, आणि कुत्र्यास कुरवाळून हात न धुतां भाकर खाणाऱ्या मुलाच्या पोटांत जातात. पुढें वर्षानुवर्षें त्या मुलाच्या यकृतांत तशाच गांठी वाढत राहतात. उकळत्या पाण्यांत अर्धा-पाऊण तास शिजविलें म्हणजे हें संकट टळतें.

पाकिटाविषयीं आमचें मत वाईट आहे असें कोणी समजूं नये. कुत्र्याचें तयार खाद्य ही १८६० च्या सुमारास लंडनमध्यें निघालेली वस्तु आहे. जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें गोदीवर कुत्रीं जहाजांवरील कडक बिस्किटें खातांना पाहिलीं आणि त्यावरून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. तेव्हांपासून या धंद्यांत विज्ञान पुष्कळ आलें आणि चित्रकला त्याहून अधिक आली. चांगल्या पाकिटाचा खरा गुण असा कीं सूक्ष्म खनिजें व जीवनसत्त्वें त्यांत मोजून घातलेलीं असतात. घरच्या स्वयंपाकांत तें साधणें कठीण. २०१३ सालीं कॅलिफोर्नियांतील पशुवैद्यांनीं पुस्तकांतून व अन्यत्र छापलेल्या, घरीं करावयाच्या २०० पाककृति तपासल्या. त्यांपैकीं शेंकडा ९५ कृतींत एक ना एक आवश्यक घटक कमी आढळला. म्हणून वर दिलेली आमची कृतिहि परिपूर्ण आहे असा आमचा दावा नाहीं. ती प्रौढ कुत्र्यासाठीं आहे. पिल्लूं किंवा गाभण कुत्री असेल तर डॉक्टरांस विचारूनच आहार ठरवावा, आणि ऐपत असेल तर पहिले कांहीं महिने पिल्लाचें तयार खाद्य घेण्यांत पैसा वायां जात नाहीं.

परंतु पाकीट घ्यावयाचें तर तें वाचून घ्यावें. पुढच्या बाजूचें चित्र पाहूं नये. उलटून मागचीं बारीक अक्षरें पहावीं. तेथें हें खाद्य "संपूर्ण व संतुलित" आहे असें म्हटलें आहे काय, आणि तें पिल्लासाठीं कीं प्रौढासाठीं, हें प्रथम पहावें. नुसता खाऊ म्हणून विकलेली वस्तु आहार होऊं शकत नाहीं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें लिहिलेले असतात. आरंभींच मका व कोंडा असेल आणि मांसाचें नांव तळाशीं असेल, तर चित्रांतील कोंबडीस काय किंमत द्यावयाची तें आपलें आपण ठरवावें. प्रथिनाचा आंकडा सर्वांत शेवटीं पहावा, कारण तो फसवूं शकतो. प्रथिन प्रत्यक्ष मोजीत नाहींत. अन्नांतील नत्र मोजून त्यास सव्वासहानें गुणतात. या हिशेबाचा गैरफायदा घेऊन चीनमधील कांहीं व्यापाऱ्यांनीं गव्हाच्या प्रथिनांत मेलामाइन हें नत्रयुक्त रसायन मिसळलें, आणि २००७ सालीं अमेरिकेंत असंख्य कुत्रीं-मांजरें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं. कागदावर प्रथिन भरपूर होतें. "धान्यविरहित" खाद्याविषयींहि २०१८ सालीं तेथील अन्न व औषध प्रशासनानें हृदयविकाराच्या तक्रारींची चौकशी जाहीर केली होती. कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाहीं, पण ज्या गुणासाठीं अधिक दाम मोजावयाचा तो गुणच संशयास्पद असेल तर दाम कां मोजावा? चांगल्या म्हणविणाऱ्या खाद्याच्या एका किलोस आमच्याकडील शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीहून अधिक पैसे पडतात.

आमच्या पावसांत पाकिटाचा आणि धान्याचा शत्रु एकच: बुरशी. जून ते सप्टेंबर फोडलेलें पाकीट घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें, आणि महिन्याभरांत संपेल एवढेंच आणावें. बुरशी आलेली भाकर किंवा कुबट पीठ "कुत्र्याला चालेल" म्हणून बाजूस काढण्याची आपणांस संवय आहे. तें चालत नाहीं. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या भागांत, आमच्यासारख्याच आदिवासी वस्तींत, पावसांत भिजून बुरसलेला मका खाण्यांत आला. सुमारें चारशें माणसें काविळीनें व पोटांत पाणी होऊन आजारी पडलीं आणि शंभरांहून अधिक मरण पावलीं. त्याच घरांतील तोच मका खाल्लेलीं कुत्रींहि त्याच लक्षणांनीं मेलीं. बुरशींतील अफ्लाटॉक्सिन हें विष कुत्र्यास माणसाहून कमी बाधतें असें नाहीं.

वर्ज्य वस्तूंपैकीं आमच्या घरांत सर्वांत धोक्याचा कांदा. तो कच्चा असो, शिजलेला असो, रश्शांत विरघळलेला असो. त्यानें कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. लसणाचेंही तेंच. म्हणून कुत्र्याचें अन्न फोडणीपूर्वीं बाजूस काढावें. नाशिकची द्राक्षें आणि मनुका यांनीं त्याचीं मूत्रपिंडें बिघडतात. चॉकलेट, तसेंच साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेलें च्युइंगम हींहि विषेंच. शिजविलेलीं हाडें उभीं चिरून टोकदार होतात, तीं कधींहि देऊं नयेत. प्रौढ कुत्र्यास दूध पुष्कळदां पचत नाहीं. त्यापेक्षां पातळ ताक बरें.

आतां किती घालावें? येथें पाड्यावरचें आणि बाजारपेठेंतलें कुत्रें यांचीं दुःखें उलट आहेत. पाड्यावर कमी मिळतें. पेठेंत लाडानें अति मिळतें. अमेरिकेंत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर जन्मभर एक प्रयोग झाला. निम्म्यांस त्यांच्या जोडीदाराहून शेंकडा २५ कमी अन्न दिलें, तर तीं सुमारें पावणेदोन वर्षें अधिक जगलीं. परीक्षा सोपी आहे. कुत्र्याच्या कुशीवरून तळहात फिरवावा: बरगड्या हातास लागाव्या, पण दुरून मोजतां येऊं नयेत. वरून पाहतां कमर दिसावी. विष्ठा बांधून व्हावी. वजनहि महिन्यांतून एकदां घ्यावें. प्रथम आपण कुत्र्यास उचलून कांट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें, आणि वजाबाकी करावी. पांचवींतील मुलांनीं मोत्याचें वजन असेंच केलें, आणि वजाबाकीचा एवढा उत्साह आम्हीं वर्गांत कधीं पाहिला नव्हता. अन्न बदलावयाचें तर एकदम बदलूं नये. आठवडाभर जुन्यांत नवें थोडें थोडें वाढवीत जावें, म्हणजे ढाळ लागत नाहींत. स्वच्छ पाणी जवळ असावेंच, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हां आमच्या गांवोगांवच्या विहिरी आटतात आणि कुत्र्याच्या पाण्याची आठवण कोणास राहत नाहीं.

मोत्याचे पाय डॉक्टरांच्या औषधानें व बदललेल्या अन्नानें पुष्कळ सरळ झाले. डावा थोडा वांकडा राहिला आहे. तो तसाच राहणार. त्याचें वजन आतां साडेचौदा किलो आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाहीं. दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरील कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. कांहीं कुत्रीं मालकाबरोबर जातात; कांहीं बंद दारापुढें बसून राहतात. गेल्या मोसमांत वसतिगृहांतील मुलांनीं एका पाड्यावरच्या अशा चार कुत्र्यांचा हिशेब मांडला. एकास दिवसास दीडशें ग्रॅम याप्रमाणें महिन्यास साडेचार किलो, म्हणजे चौघांस अठरा किलो नागली. एवढी नागली मागें राहणाऱ्या एका आजीबाईंकडे ठेवावी, आणि माशांचीं डोकीं व टरफलांची पूड आपण पोंचवावी, असें त्यांनीं ठरविलें. मार्चपर्यंत तें चाललें. पुढें परीक्षा आल्या आणि खंड पडला. यंदा कोणी कोणत्या आठवड्यास जावयाचें याची यादी वसतिगृहाच्या फळ्यावर लाविली आहे. ज्या पालकांस कणी किंवा सुकट देतां येईल, त्यांनीं ती शनिवारीं शाळा सुटतांना मुलांजवळ पाठवावी.